ठकीचा ठकसेन झाला त्याची गोष्ट

मागच्या रविवारी ठकसेनचा फोटो टाकला आणि इनबॉक्स भरून गेला. निम्म्यांनी "ईऽऽ" केलं. उरलेल्यांनी विचारलं, "आम्हालाही पाळायचाय, पुण्यात कुठे मिळेल?" एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच लिहिते.

ठकसेन म्हणजे माझा टॅरंटुला, मोठा केसाळ कोळी. जात कर्ली हेअर, मूळची होंडुरास-निकाराग्वाकडची. आठवडाभर विंचरलेच नाहीत असे दिसणारे तपकिरी कुरळे केस. मी इंग्लंडात रेडिंगला राहते. इथे ही जात ठेवायला परवाना लागत नाही, आणि पाळीव जोड्यांची पिल्लं विकत मिळतात. तीन वर्षांपूर्वी आणला तेव्हा पाय पसरून जेमतेम 5 सेंटिमीटर होता आणि नाव होतं ठकी.

दुकानदाराने सोबत उंच काचेची पेटी, तिच्या तळाला चिकटवायची हीटिंग मॅट आणि पाण्याच्या वाटीत ठेवायला स्पंज गळ्यात मारला. तिन्ही चूक. जमिनीवर राहणारा हा प्राणी काचेवर चढतो आणि धपकन पडतो. त्याच्या पोटाची कातडी इतकी पातळ की हातभर उंचीवरून पडला तरी फुटून मरू शकतो. म्हणून मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर त्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीच्या आत ठेवायचं, बाकी पेटी कोकोपीटने भरायची. ("ही तर माझ्या कुंड्यांतली माती!" इति आई.) मॅटचं म्हणाल, तर उकडलं की तो गारव्यासाठी खाली बीळ खणतो, आणि खालीच तवा तापलेला. आपल्याला स्वेटरशिवाय बसवतं तेवढी ऊब त्याला पुरते. स्पंज नुसता कुजतो. उघडी, उथळ वाटी ठेवा, तो बुडत नाही.

खायला आठवड्याला एक टोळ. इथे टोळ डबीत भरून विकतात. त्या उन्हाळ्यात आई चिपळूणहून आली होती, ती डबी बघून म्हणाली, "अगं, लोक टोळधाड हाकलायला थाळ्या बडवतात आणि तू पैसे मोजून आणतेस?"

तेव्हाच ठकीने खाणं सोडलं. सहा आठवडे काही नाही. मी काय काय केलं सांगू? टोळाच्या जागी रातकिडा दिला, पाणी शिंपडलं, वाटी हलवली, रंगाच्या ब्रशने हळूच ढोसूनही पाहिलं. एका सकाळी पाहते तर ठकी पाठीवर, आठी पाय वर. आई म्हणाली, "गेली गं बिचारी," आणि बागेत पुरायला वर्तमानपत्राचा कागदही घेऊन आली.

मी तिचा हात धरला. मरणारा कोळी सहसा पाय पोटाखाली आखडून उपडाच बसतो. पाठीवर झोपलेला, तेही स्वतः विणलेल्या रेशमी चटईवर, तो कात टाकत असतो. मग आम्ही दोघी चहा घेऊन जमिनीवर बसलो ते दोन तास उठलोच नाही. आधी पाठीची टोपी उचकटली. मग हातमोज्यातून बोटं काढावीत तसा एकेक पाय, थोडा ओढायचा, थांबायचं, पुन्हा ओढायचा. नवे सुळे तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे होते. "कौलात सापाची कात मिळायची," आई म्हणाली, "पण टाकताना कधी कोणी बघितलंय!" या वेळी पेटीत टोळ राहिला असता तर त्यानेच मऊ पडलेल्या ठकीला कुरतडलं असतं. सुळे पुन्हा काळे होईपर्यंत दहा-बारा दिवस खायला द्यायचं नाही. ढोसायचं तर मुळीच नाही, मी ढोसलं ते मूर्खपणाचंच होतं.

ती कात साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून पसरली आणि भिंगाखाली पाहिली. मादीच्या कातीत पोटाच्या आतल्या बाजूला, फुफ्फुसांच्या पहिल्या जोडीच्या मधे एक छोटी पिशवी दिसते. ती नव्हती. ठकीचा ठकसेन झाला. आम्ही हसलो खरं, पण याचा अर्थ मला माहीत होता. मादी 20 वर्षं सहज जगते. नर वयात आला की बहुधा वर्ष-दीड वर्षाचा सोबती.

हातावर का घेत नाही, असं बरेच जण विचारतात. कारण त्यातून त्याला काहीच मिळत नाही. त्याला माझा लळा नाही, लागणारही नाही. रीलवाल्यांनी हे प्राणी खांद्यावर फिरवून लोकांची फार दिशाभूल केली आहे. चिडला की तो मागच्या पायांनी पोटावरचे काटेरी केस उडवतो. 2009 मध्ये लीड्सला पेटी साफ करणाऱ्या एकाच्या डोळ्यात असे केस घुसले, ते चिमट्याने निघण्याइतके मोठेही नव्हते.

आता पुणेकरांनो. आपल्याकडे टॅरंटुला नाहीत असं नाही, सह्याद्रीत बिळांत आणि झाडांच्या ढोल्यांत आहेत. पण त्यांच्यावर डोळा ठेवू नका. आंध्रात गुत्तीला रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या निळ्या टॅरंटुलाचं वर्णन पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने 1899 साली केलं; आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि तरी जगभरच्या हौशी लोकांच्या पेट्यांत बसलाय. 2019 पासून त्याच्या वंशातल्या सगळ्या जाती साइट्सच्या, म्हणजे संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम ठेवणाऱ्या कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहेत. शिवाय या वंशातल्यांचा दंश ठकसेनच्या दंशासारखा मधमाशी चावल्याइतक्यावर भागत नाही, कित्येक दिवस स्नायूंत गोळे येतात. तेव्हा मेसेज करून "ओळखीत कोणी पकडून देईल का" विचारलंत तर ब्लॉक करीन, आधीच सांगते.

गेल्या महिन्यात ठकसेनने शेवटची कात टाकली, म्हणजे तो वयात आला. पुढच्या पायांवर हुकासारखे आकडे आलेत, तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकं बॉक्सिंगच्या ग्लोव्ह्जसारखी फुगलीत. रात्रभर मादीच्या शोधात चार भिंतींना फेऱ्या घालतो. जेवण जवळजवळ बंद. आई दर रविवारी फोनवर आधी त्याचीच चौकशी करते, "खाल्लं का गं त्याने?" मी नाही म्हणते, टोळ काढून घेते, वाटी भरते आणि झाकण लावते.