दही खाऊन नैराश्याच्या गोळ्या सुटत नाहीत

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुराचा सारांश असा: ९० टक्के सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन) आतड्यात तयार होतं, म्हणजे नैराश्य हा मुळात पोटाचा आजार, रोज वाटीभर दही खाऊन चांगले जिवाणू वाढवले की गोळ्या बंद करता येतात. यातलं पहिलं वाक्य खरं आहे आणि त्याच्याच जोरावर पुढची दोन खपून जातात.

‘९० टक्के सेरोटोनिन आतड्यात’

आकडा बरोबर. पण ते मुख्यतः आतड्याच्या अस्तरातल्या एंटेरोक्रोमाफिन पेशी बनवतात. जिवाणू त्या पेशींना चालना देतात, एवढंच. हे सेरोटोनिन आतड्याची हालचाल सांभाळतं आणि रक्तात उतरलेलं प्लेटलेट्स साठवून ठेवतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते ओलांडू शकत नाही. मेंदू स्वतःचं सेरोटोनिन स्वतःच ट्रिप्टोफॅन या अन्नातून मिळणाऱ्या घटकापासून बनवतो आणि त्याचं एन्झाइमही निराळं असतं: आतड्यात टीपीएच-१, मेंदूत टीपीएच-२. सेरोटोनिन बनवणाऱ्या कार्सिनॉइड गाठींमुळे काही रुग्णांच्या रक्तात सेरोटोनिन भरमसाट वाढतं. त्यांचं मन प्रसन्न होत नाही. जुलाब लागतात आणि हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात.

‘नैराश्य हा पोटाचा आजार’

संबंध आहे, आणि त्यावरचं संशोधन गंभीरपणे घ्यावं असंच आहे. बेल्जियममध्ये १,०५४ लोकांच्या तपासणीत (२०१९) नैराश्य असलेल्यांच्या आतड्यात कोप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे जिवाणू कमी आढळले, औषधांचा परिणाम वजा केल्यावरही. मात्र आधी काय बिघडलं, हे अशा पाहणीतून कळत नाही. नैराश्यात जेवण कमी होतं, झोप मोडते, हालचाल थंडावते. याने जिवाणूही बदलतात. उंदरांवरून माणसाबद्दल थेट बोलणंही धोक्याचं. जेबी-१ नावाच्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूने उंदीर शांत झाले (२०११). निरोगी पुरुषांना तोच दिल्यावर (२०१७) काही फरक दिसला नाही.

‘दही खा, बरे व्हा’

न्यूझीलंडमध्ये उदास मनःस्थितीच्या, औषध न घेणाऱ्या ७९ जणांना ८ आठवडे प्रोबायोटिक (उपयोगी जिवंत जिवाणू) किंवा जिवाणू नसलेली बनावट पूड दिली (२०१७). दोन्ही गटांत फरक पडला नाही. लंडनमध्ये गोळ्यांनी पुरता आराम न पडलेल्या सुमारे ५० जणांना १४ प्रकारच्या जिवाणूंचं मिश्रण ८ आठवडे दिलं, तेव्हा थोडा फायदा दिसला (२०२३). पण त्यांच्या गोळ्या चालूच होत्या. शिवाय अशा चाचण्यांत जिवाणूंचा प्रकार आणि संख्या ठरलेली असते. घरोघरचं विरजण वेगळं, आणि कढी उकळली की त्यातले जिवाणू मरतात. दही अन्न म्हणून जरूर खावं.

‘गोळ्या बंद करता येतात’

सगळ्यात घातक वाक्य हेच. गोळ्या एकदम तोडल्या की काही दिवसांतच चक्कर, मळमळ, निद्रानाश, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके सुरू होऊ शकतात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांच्या बाबतीत हे जास्त, फ्लुओक्सेटिनच्या बाबतीत कमी. काहींना पहिले काही आठवडे बरंही वाटतं, आणि श्रेय दह्याला जातं. आजार उलटतो तो पुष्कळदा त्यानंतर. डोस कमी करायचाच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवडे किंवा महिने घेऊन टप्प्याटप्प्याने करावा. गोळ्यांसोबत ५-एचटीपीसारखं (शरीरात ज्यापासून सेरोटोनिन बनतं ते) ‘नैसर्गिक’ पूरकही स्वतःहून घेऊ नये. दोन्हींमुळे सेरोटोनिन अति वाढून थरथर, ताप, गोंधळलेपणा येऊ शकतो, आणि मग थेट रुग्णालय गाठावं लागतं.

पोटाकडेच बघायचं असेल तर बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी आहारात त्याची कमतरता सर्रास असते आणि तिने थकवा, उदासी येते. सोबत थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघावं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मजकूर वाचून कुणी गोळ्या थांबवल्या असतील, तर मनाने पुन्हा पूर्ण डोस सुरू न करता डॉक्टरांना आजच फोन करावा. जीव द्यायचे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटं ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास चालू असतो.