आलेनडॉर्फच्या छपरांवर झाडं होती, पण त्याखाली कोण होतं?

गेली काही वर्षं एक मजकूर फिरतो आहे. हेसे प्रांतातल्या आलेनडॉर्फ या जर्मन खेड्यात हिटलरच्या काळात जंगलात दारूगोळ्याचे कारखाने उभारले, छपरांवर झाडं लावली, विमानातून काही दिसेना. जर्मन मेहनतीची ही कमाल. युद्ध संपलं, त्याच जागी चॉकलेटचा कारखाना आला आणि खेड्याचं शहर झालं. शेवटी ठरलेलं वाक्य : जिद्द असावी तर अशी.

झाडांची गोष्ट खरी आहे. काँक्रीटच्या सपाट छपरांवर माती टाकून झाडं-झुडपं लावली होती. मार्बुर्ग शहराजवळच्या या दीड हजार वस्तीच्या शेतकरी गावाभोवती 1938 पासून शेकडो इमारती उठल्या. टीएनटी हे स्फोटक बनवायचं आणि बॉम्ब, तोफगोळे भरायचे, हे त्यांचं काम.

पण ‘जर्मन मेहनत’? पोलंड, सोव्हिएत संघ, फ्रान्स, इटली, जिथून मिळतील तिथून माणसं आणून हजारोंना राबवलं. ऑगस्ट 1944 मध्ये आउशवित्झच्या छळछावणीतून एक हजार ज्यू बायका आणल्या. बहुतेक हंगेरीतल्या. अनेकींचे आईवडील, लेकरं नुकतीच तिथल्या गॅसने मारलेली. म्युन्शम्युले नावाच्या छावणीत त्यांना ठेवलं. ती बुखेनवाल्डच्या छळछावणीची शाखा होती. तिथून त्या कारखान्यात जात, वितळलेली स्फोटकं गोळ्यांत ओतत, जड गोळे उचलत. टीएनटी अंगात भिनतं : कातडी पिवळी पडते, केस तांबूस होतात, यकृत बिघडतं. याला कुणाची जिद्द म्हणायचं?

‘कुणाला काही दिसेना’ हेही अर्धंच. आकाशातून दिसत नसेल. जमिनीवर मात्र दीड हजारांच्या गावाभोवती हजारो परके मजूर छावण्यांत राहत होते. ते गावाला दिसत नव्हते, हे मला पटत नाही.

आता चॉकलेट. फेरेरो ही चॉकलेटची कंपनी 1956 मध्ये तिथे आली, हे बरोबर. पण त्याआधी धातूच्या ओतकामाचा मोठा कारखाना सुरू झाला होता, आणि कारखानदारांना तिथे ओढलं ते तयार इमारती, रस्ते आणि रेल्वेच्या फाट्याने. हात मिळाले ते युद्धानंतर पूर्व युरोपातून हाकलून दिलेल्या जर्मन निर्वासितांचे. पुढे इटली आणि तुर्कस्तानातून आलेल्या कामगारांचे. गावाला 1960 मध्ये शहराचा दर्जा मिळाला, पुढे नावही श्टाटआलेनडॉर्फ (श्टाट म्हणजे शहर) झालं, ते या सगळ्यांच्या जिवावर.

आणि युद्ध ‘संपलं’ म्हणावं, तर मातीत ते संपलेलं नव्हतं. टीएनटी आणि त्याच्या उत्पादनातले विषारी अवशेष जमिनीत मुरले होते. त्याच जमिनीवर लोकांची घरं, बागा. याच परिसरातून मध्य हेसेला पिण्याचं पाणी जातं, त्यामुळे भूजल दूषित होऊ नये म्हणून मोठी खटपट करावी लागली. विषारी माती उकरून हलवण्याचं काम चालू होतं तेव्हा युद्ध संपून अर्धं शतक उलटलं होतं.

त्या गावाचं खरोखर कौतुक करावं असं मला वाटतं ते एका गोष्टीसाठी, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमकी तीच नाही. म्युन्शम्युलेतून वाचलेल्या बायकांना 1990 मध्ये गावाने आमंत्रण देऊन बोलावलं. म्हाताऱ्या झालेल्या त्या बायका आल्या, बोलल्या. पुढे 1994 मध्ये कारखान्याच्या जुन्या कचेरीच्या इमारतीत त्यांची आणि तिथे राबलेल्या इतरांची हकीकत सांगणारं केंद्र उघडलं.