तुल्साची पोरं आणि नाशिकचा कट्टा

वाद पेटला तो कपाटावरून. पुस्तकांच्या दुकानात साधारण दोन कपाटं असतात, एकावर 'बालसाहित्य' आणि दुसऱ्यावर 'कथा-कादंबरी'. नववीतलं पोरगं एस. ई. हिंटनची कादंबरी शोधत आलं तर त्यानं कुठल्या कपाटाकडे जायचं, एवढाच ताईंचा प्रश्न होता. नाशिकला शालिमारच्या कोपऱ्यावर पहिला कटिंग येईपर्यंत त्याची तीन उत्तरं झाली. मास्तर मराठी शिकवायचे, अण्णा पुस्तकं विकतात, ताई शाळेचं ग्रंथालय सांभाळतात आणि मी भाषांतरं करतो, सध्या हिंटनच्याच 'द आउटसायडर्स'चं.

"बालसाहित्यात तर नाहीच," अण्णांनी सरळ सांगितलं. "त्या कपाटातलं पुस्तक पंधरा वर्षांचं पोरगं चारचौघांत हातात धरत नाही. आणि मोठ्यांच्या कपाटात ठेवलं तर आईबाप धरू देत नाहीत."

"आधी ही बाई कोण ते सांगा," मास्तर म्हणाले.

ताईंना सगळं तोंडपाठ. सुझन एलोइस हिंटन, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या तुल्सा शहराची. 'द आउटसायडर्स' लिहायला घेतली तेव्हा वय पंधरा. १९६७ मध्ये वायकिंग प्रकाशनानं ती छापली तेव्हा अठरा. कराराचे कागद आले ते शाळा संपल्याच्या समारंभादिवशी, आणि ज्या वर्षी कादंबरी लिहिली त्याच वर्षी शाळेत सर्जनशील लेखनाला 'डी' मिळाला होता. नावाऐवजी आद्याक्षरं छापली, कारण टोळीतल्या पोरांची गोष्ट मुलीनं लिहिलीय म्हटल्यावर समीक्षक आधीच नाक मुरडतील अशी धास्ती होती.

"लहान वयाचं कौतुक आम्हाला सांगू नका," मास्तर म्हणाले. "ज्ञानेश्वरी सांगणारा पंधरा-सोळाचा होता आणि त्याचा गुरू, थोरला भाऊ, इथे त्र्यंबकला समाधीत आहे. वयानं पुस्तक मोठं होत नाही."

हे मला शंभर टक्के मान्य आहे. हिंटनबद्दल बोलताना लोक तिच्या वयापाशीच थांबतात आणि तिनं कागदावर काय केलं ते बघायचं राहून जातं.

अण्णांचा आक्षेप वेगळा होता. "१९६७, १९७१, १९७५, १९७९, १९८८. एकवीस वर्षांत पाच कुमार कादंबऱ्या. पुढे १९९५ मध्ये लहान मुलांसाठी थोडं, २००४ मध्ये मोठ्यांसाठी एक. पहिल्या पुस्तकावर तरलेली कारकीर्द आहे ही."

"पहिल्या पुस्तकानं तिचा हातच बांधून टाकला होता," ताई म्हणाल्या. "नाव झालं आणि लिहिणं बंद पडलं. तेव्हा तिच्या मित्रानं, ज्याच्याशी तिनं पुढे लग्न केलं त्यानं, अट घातली की रोज दोन पानं झाल्याशिवाय फिरायला जायचं नाही. त्यातून १९७१ ची 'दॅट वॉज देन, धिस इज नाऊ' झाली. रोज दोन पानं म्हणजे शंभर दिवसांत दोनशे. कुमार कादंबरीला तेवढी पुरतात. आपल्याकडे लिहिणारे पहिलं प्रकरण सहा-सहा महिने घासत बसतात. घासून घासून त्यातला मुलगा पस्तिशीचा होतो आणि दुसरं प्रकरण येतच नाही."

पुरस्कारांवर फार वेळ गेला नाही, पण एक घोळ निस्तरला. हिंटनला १९८८ मध्ये मिळाला तो अमेरिकन ग्रंथपालांचा पुरस्कार, आणि त्याची पहिली मानकरी तीच. पुढे त्याला बाल्टिमोरच्या ग्रंथपाल मार्गारेट एडवर्ड्स यांचं नाव दिलं. तो एका पुस्तकाला नसून कुमारांसाठीच्या टिकलेल्या लेखनाला आहे, म्हणून तिच्या तोवरच्या चारही कादंबऱ्या त्यात धरल्या होत्या. एकेका पुस्तकाला मिळणारा प्रिंट्झ पुरस्कार वेगळा. तो २००० पासून सुरू झाला, त्यात वाचक बारा ते अठरा वर्षांचा धरतात. आपल्याकडे साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आणि युवा पुरस्कार २०११ पासून. पण युवा पुरस्कारात पस्तिशीच्या आतलं जे वय मोजतात ते लेखकाचं. "म्हणजे अठराव्या वर्षी हिंटन मराठीत लिहीत असती तर तिचं वय बसलं असतं," ताई म्हणाल्या, "पण तिच्या वाचकाचं वय कुणी मोजलं नसतं."

"वाचक मोजायचे कशाला? ते आपण होऊन येतात," अण्णा म्हणाले. आणि हे त्यांनी हिंटनच्याच बाजूनं सांगितलं: कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या एका शाळेत ग्रंथपालबाईंनी आणि मुलांनी सह्या करून फ्रान्सिस फोर्ड कोपोलाला पत्र धाडलं की या पुस्तकाचा सिनेमा करा. १९८३ मध्ये तो झाला. दिग्दर्शकानं मुलांचं ऐकलं, ही गोष्ट ताईंना पुरस्कारापेक्षा मोठी वाटते. मलाही.

मग मी माझा मुद्दा काढला. कुमार कादंबरी विषयानं ओळखू नये. ती कोण सांगतंय आणि सांगताना त्याला किती कळलंय, यानं ओळखावी. 'द आउटसायडर्स'चा निवेदक पोनीबॉय चौदा वर्षांचा. आईवडील मोटार अपघातात गेलेले, वीस वर्षांचा भाऊ घर चालवतो, मधला सोळाचा. बागेतल्या मारामारीत श्रीमंत पोरांपैकी एक पोनीबॉयचा मित्र जॉनी याच्या हातून मरतो, दोघं पळून एका ओसाड चर्चमध्ये लपतात, पुढे जॉनीही जातो. हे सगळं तो लिहितो इंग्रजीच्या सरांनी दिलेला निबंध म्हणून, आणि शेवटी पुस्तक पहिल्याच वाक्यावर परत येतं. म्हणजे आपण वाचलं तो त्याचा निबंधच. सांगणारा अजून त्या जखमेतच उभा आहे.

मास्तर याचीच वाट बघत होते. "मग 'श्यामची आई'ला कपाटातून काढा! नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत, नऊ ते तेरा तारखेत, पाच दिवसांत साने गुरुजींनी ती लिहिली. तुम्ही ज्या गावात बसून बोलताय त्याच गावात. सांगणारा श्याम मोठा झालाय, आश्रमातल्या सोबत्यांना रात्री गोष्ट सांगतोय. तुमच्या मापात ती कुमारांची ठरत नाही. आणि ती वाचून न रडलेलं पोरगं मला दाखवा."

"ती काढायचं कोण म्हणतंय?" ताई म्हणाल्या. "पण बांधणी बघा ना. पोहायची रात्र घ्या. श्याम विहिरीवर जायला घाबरतो, लपून बसतो, आई फोकानं मारून पाठवते. पोहून आल्यावर तीच जवळ घेते आणि का मारलं ते समजावते. मार आणि त्याचा अर्थ एकाच रात्रीत येतात. ऐकणाऱ्या मुलाला उघडं काही उरत नाही."

"तेच तर आईचं मोठेपण."

"आईचं आहेच. प्रश्न कादंबरीचा आहे. हिंटनच्या पुस्तकात अर्थ सांगायला घरात कुणी शिल्लकच नाही. थोरला भाऊ चिडून थोबाडीत मारतो, आणि का मारली ते त्यालाही सांगता येत नाही. त्या थपडेतूनच पुढची सगळी पळापळ सुरू होते."

इथवर माझा मुद्दा तगला होता. तो मोडला ताईंनीच. "पण सांगणारा अजून जखमेत उभा असला पाहिजे, हे तुझं माप हिंटनच्याच 'रंबल फिश'ला लागत नाही. १९७५ ची. तिच्यातला रस्टी-जेम्स काही वर्षांनी समुद्रकिनाऱ्यावर जुन्या मित्राला भेटतो आणि मागचं आठवतो. श्यामसारखंच मागे वळून सांगणं आहे ते. आणि १९८८ च्या कादंबरीत तर 'मी'च नाही, सगळं तृतीयपुरुषी."

खरं होतं. मला माप बदलावं लागलं. काळाचं अंतर असलं तरी चालतं. त्या अंतरानं शहाणपण आणलं का, हे बघायचं. श्याम मोठा होऊन समजलेलं सांगतो. रस्टी-जेम्स मोठा होऊनही काही समजलेला नाही, त्याला ते आठवायचंच नाहीये. वाचणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला त्याच्यापेक्षा जास्त कळतं, आणि ते कळणं त्याचं स्वतःचं असतं.

"आणि जॉनीची चिठ्ठी?" मास्तरांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "शेवटच्या प्रकरणात मेलेल्या पोराची चिठ्ठी पुस्तकातून निघते आणि त्यात जगावं कसं ते लिहिलेलं असतं. हा उपदेश नाही? आमच्या आईनं केला की संस्कार, तुमच्या जॉनीनं केला की कला."

यावर चहाची दुसरी फेरी गेली. माझ्या मते ती चिठ्ठी पुस्तकातली सगळ्यात धोक्याची जागा आहे, आणि ती सावरते दोन कारणांनी. एक, लिहिणारा सोळा वर्षांचा आहे आणि हरलेला आहे, वरून सांगायला त्याच्याकडे उंचीच नाही. दुसरं, ती उशिरा सापडते. मधल्या काळात पोनीबॉय जॉनी मेलाय हेच नाकारतो, खून आपणच केला म्हणतो, अभ्यासात घसरतो. ते ढासळणं आधी पूर्ण होऊ दिलंय. चिठ्ठी दहाव्या प्रकरणात आली असती तर पुस्तक पडलं असतं. मराठी कुमार कादंबऱ्यांत नेमकं हेच बिघडतं: मुलगा मोडायच्या आतच आजोबा किंवा सर येऊन दोन पानं बोलतात. मास्तरांना पहिलं कारण पटलं, दुसरं नाही.

अण्णांनी मग हिशेब मांडला. मूळ पुस्तक पन्नास हजार शब्दांच्या आतलं. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते, इंग्रजीतली उपपदं गळतात, म्हणून शब्द साधारण पाचवा हिस्सा कमी होतात, धरा अडतीस-चाळीस हजार. डेमी आकारात पानाला २८० शब्द बसवले तर १४० पानं, वरची पानं धरून सोळा पानी नऊ फर्म्यांत १४४. "पण 'मुलांचं आहे' म्हणून टाइप मोठा केला आणि चित्रं घातली की बारा फर्मे होतात. किंमत चढते आणि पुस्तक पुन्हा बालसाहित्याच्या कपाटात जातं. टाइप मोठ्यांच्या कादंबरीचा ठेवा, मुखपृष्ठावर हसरी पोरं नकोत, पाठीवर वय छापू नका."

भाषेवर माझी गाडी अजून अडलेलीच आहे. गरीब पोरांच्या टोळीचं नाव 'ग्रीझर्स', केसांना चोपडलेल्या तेलावरून. 'टपोरी' म्हटलं तर तेल जातं आणि गुन्हेगारी आत येते. 'तेलकट' म्हटलं तर भज्यांची आठवण होते. श्रीमंत पोरं 'सोश', 'सोशल'चं तोडलेलं रूप. ते मी तसंच ठेवणार. संवादांत 'काय रे भो' घालायचा मोह होतो, पण 'भो' म्हटलं की पोरगं तुल्साहून उठून थेट खानदेशात येतं. रांगडेपणा वाक्याच्या तुटकपणातून आणावा, प्रांताच्या शब्दातून नको.

आणि पहिलं वाक्य. सिनेमागृहाच्या अंधारातून पोरगा उन्हात बाहेर येतो, डोक्यात दोनच गोष्टी: सिनेनट पॉल न्यूमन, आणि घरी जायला कुणाची तरी गाडी. एक स्वप्नातली, एक पायाखालची, आणि दोन्ही एकाच दमात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे मी वाक्य नीट लावायला गेलो की गाडी मध्ये येते आणि वाक्य 'विचार करत होतो'वर संपून मऊ पडतं. ते गाडीवरच संपलं पाहिजे.

"मग दोन वाक्यं कर," अण्णा म्हणाले.

"नको," मास्तर म्हणाले. "तेच वाक्य शेवटी परत यायचंय ना? दोन वाक्यं परत आली तर कानाला ओळखू येणार नाहीत. 'डोक्यात दोनच गोष्टी होत्या' एवढं आधी म्हण, मग दोन्ही नावं नुसती ठेव."

"आणि 'थिएटर' लिहू की 'थेटर'?"

"पोरगं वाचणारं आहे, निबंध लिहितंय," ताई म्हणाल्या. "निवेदनात 'थिएटर'. तोंडी बोलताना 'थेटर'."

मास्तरांना निवेदनातही 'थेटर'च हवंय. 'श्यामची आई' मात्र दोन्ही कपाटांत ठेवायचं ठरलं, एकेक प्रत.