तंजावरला अर्धा दिवस?

दक्षिणेच्या सहलीचा बेत ठरवायला बसलो आणि तंजावरवरून कट्टा पेटला.

इंजिनियरनं मोबाइलवर सगळं मांडूनच आणलं होतं. चार दिवसांत श्रीरंगम, तंजावर, दारासुरम, गंगैकोंडचोळपुरम, चिदंबरम आणि शेवटी मदुराई. "तंजावरला अर्धा दिवस पुष्कळ झाला. बृहदीश्वराचं मंदिर, राजवाडा, की निघालो."

"अर्ध्या दिवसात काय बघणार तू?" मास्तर उसळलेच. "दुपारी गाभारा बंद. फरसबंदी एवढी तापते की अनवाणी पाऊल ठेववत नाही."

"कळसाची सावली जमिनीवर पडत नाही, तेवढं बघितलं की झालं."

"पडते रे बाबा! सकाळी थांबलास तर दिसेल."

अण्णांचं म्हणणं वेगळंच. "मी जाणार तो भोसल्यांसाठी. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत आपलं राज्य होतं तिथं. राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद आणि बृहदीश्वराच्या आवारातला सरफोजीराजांचा मराठी शिलालेख. एवढ्या दूर, तमिळ मुलखात, दगडावर आपली भाषा वाचायची! आणखी काय पाहिजे?"

मलाही तो लेख वाचायचाच आहे. भोसले घराण्याचा अख्खा इतिहास 1803 मध्ये सरफोजींनी भिंतीवर कोरून घेतला, त्याचा अभिमान मलाही आहे. पण तेवढाच वाचून परत फिरायचं हे मला पटत नाही, आणि मी ते अण्णांना तोंडावर सांगितलं. ज्या देवळाच्या आवारात आपला लेख आहे, ते राजराज या चोळ राजानं 1010 च्या सुमारास पुरं केलं. कावेरीच्या गाळाच्या सपाट प्रदेशात ग्रॅनाइट लांबून आणून साठ मीटरच्या आसपास उंचीचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, उभं केलं. आणि लिहायची हौस त्यालाही होतीच. जोत्यावर ओळीच्या ओळी तमिळ लेख आहेत. आपण दिलेलं, थोरली बहीण कुंदवै हिनं दिलेलं, राण्यांनी आणि इतरांनी दिलेलं, सगळं दगडावर नोंदवा, असं त्यानं सांगितलं.

"आणि नर्तकी?" मास्तरांनी आठवण केली.

तेच तर! देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या 400 नर्तकींची यादी आहे तिथं. कोणती कुठल्या गावाहून आली, कोणत्या आळीत तिचं घर, हेसुद्धा. राजाच्या पदव्या सगळीकडे सापडतात. हजार वर्षांपूर्वीच्या नाचणाऱ्या बाईचं नाव आणि पत्ता कुठे सापडतो? मला तमिळ येत नाही, तरी त्या अक्षरांसमोर मला उभं राहायचंय. वाचून दाखवणारा जाणकार गाइड मिळाला तर त्याला पूर्ण सकाळ देऊ.

अण्णा थोडे नरमले, पण राजवाडा सोडायला तयार नाहीत. मास्तरांना तो पडका वाटतो. इथं मात्र मी अण्णांच्या बाजूनं. वाडा मुळात मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांचा, मराठ्यांनी वाढवलेला. आणि चोळांचे कांस्य नटराज बघायला त्याच वाड्यातल्या कलादालनात जावं लागतं. म्हणजे मास्तरांचे चोळही तिथंच!

शेवटी मदुराई कापली. तंजावरला दोन दिवस: सकाळी मंदिर, दुपारी वाडा, संध्याकाळी पुन्हा मंदिर. तिसऱ्या दिवशी दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम. चिदंबरमवर इंजिनियर अजून अडून बसलाय, त्यावर उद्या भांडायचंय.