‘१६०० एक्स’च्या मायक्रोस्कोपात काय दिसतं आणि काय दिसत नाही

पावसाळा लागला की आमच्या यवतमाळकडच्या गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. ‘दीड-दोन हजारांत १६०० एक्सचा डिजिटल मायक्रोस्कोप घ्या, मोबाईलला जोडा. जितके एक्स जास्त, तितकं बारीक दिसतं. मलेरिया, टीबी, सिकल घरीच ओळखा. जीवामृतातले जिवाणू मोजा, सोयाबीनवरचा व्हायरस पाहा. लॅबवाल्यांना पैसे कशाला देता?’ मी लॅबमध्ये रोज स्लाइडा बघतो. या मेसेजवर विसंबून कुणी ताप अंगावर काढला तर त्याच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

आधी एक्सचं, म्हणजे किती पट मोठं दाखवतो त्याचं, बघू, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. मायक्रोस्कोप किती मोठं दाखवतो यापेक्षा जवळजवळचे दोन ठिपके वेगवेगळे दाखवतो का, हे महत्त्वाचं. एर्न्स्ट ॲबे या जर्मन शास्त्रज्ञानं १८७३ मध्येच दाखवून दिलं की याला प्रकाशाच्या तरंगलांबीची मर्यादा आहे. नेहमीच्या मायक्रोस्कोपची धाव साधारण ०.२ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागापर्यंत. तीही १०० एक्सचं चांगलं ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) असेल आणि त्याच्या नि स्लाइडच्या मध्ये खास तेलाचा थेंब असेल तर. काचेतून तिरपे निघालेले किरण हवेत बाहेर फाकतात, तेलातून मात्र भिंगात शिरतात. १० एक्सचं आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) आणि १०० एक्सचं ऑब्जेक्टिव्ह मिळून होतात १०००. त्याच्या फार पुढे आकडा नेला तर पासपोर्ट फोटो फ्लेक्सवर छापल्यासारखं होतं : चित्र मोठं, पण नवीन काहीच दिसत नाही.

मग १६०० आले कुठून? स्वस्त यंत्रांवरचा हा आकडा बहुतेकदा चित्र स्क्रीनवर किती फुगवलं त्याचा असतो. घरीच तपासा. यंत्राखाली प्लास्टिकची पट्टी ठेवा आणि जास्तीत जास्त मोठं करा. समजा स्क्रीनच्या रुंदीत १ मिलिमीटर मावला आणि चित्र ६४० पिक्सेल रुंदीचं आहे. म्हणजे एक पिक्सेल झाला दीड मायक्रॉनहून थोडा जास्त. दोन ठिपके वेगळे कळायला निदान दोन पिक्सेलचं अंतर हवं, म्हणजे तीन मायक्रॉन. रक्तातली तांबडी पेशी ७-८ मायक्रॉनची असते आणि तिच्यातली फाल्सिपेरम या घातक जातीच्या मलेरियाच्या जंतूची कोवळी अंगठी तिच्या तिसऱ्या-पाचव्या हिश्शाएवढी. पेशी दिसेल एखाद्या गोल डागासारखी, अंगठी दिसणारच नाही. पिक्सेल वाढवले तरी भिंग तेच राहतं.

गडचिरोलीकडे मलेरिया म्हटलं की बहुतेक फाल्सिपेरमच, आणि तो डोक्यात जाऊ शकतो. त्यासाठी जाड थराची स्लाइड घेतात, तिला रंग देतात आणि तेल लावून १००० एक्सवर शंभरेक फील्ड (एका वेळी भिंगात दिसणारे भाग) नजरेखालून घालतात. मलेरियाच्या जंतूची जात ओळखायला पातळ थर लागतो. पण हत्तीरोगाचं बघा. त्याचे जंतू त्याच रक्तात असतात, मात्र ते २५० ते ३०० मायक्रॉन लांब. त्यांना १० एक्सचं ऑब्जेक्टिव्ह पुरतं. तिथे प्रश्न वेळेचा आहे. हे जंतू रात्री बोटाच्या रक्तात येतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री दार ठोठावतात. भर दुपारी घेतलेल्या थेंबावर कितीही एक्स लावले तरी ते सहसा सापडणार नाहीत.

टीबीचं तर याच्याही उलट आहे. रंग न दिलेल्या बेडक्यात टीबीचा जिवाणू ओळखूच येत नाही. जुन्या पद्धतीत तो लाल रंगवून तेलाखाली शोधायचा. फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपीत स्लाइडला ऑरामाइन हा चमकणारा रंग लावतात आणि निळा प्रकाश टाकतात. काळ्या पार्श्वभूमीवर जिवाणू पिवळे-हिरवे चमकतात, त्यामुळे २०० ते ४०० एक्सवरच नजरेत भरतात. एका फील्डमध्ये जास्त जागा दिसते, काम लवकर होतं आणि सुटून जाणारे रुग्णही कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये एलईडी दिव्याच्या अशा मायक्रोस्कोपची शिफारस केली. इथे एक्स कमी करून तपासणी सुधारली आहे. तरीही एका मिलिलिटर बेडक्यात पाच-दहा हजार जिवाणू असल्याशिवाय स्लाइड सहसा पॉझिटिव्ह येत नाही, म्हणून तर जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट आणि ट्रूनॅट चाचण्या आल्या. आणि कृपा करून घरात बेडका उघडा ठेवून स्लाइड करू नका. ज्यांच्यासोबत राहता त्यांनाच लागण व्हायची.

सिकलबद्दलचा, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराबद्दलचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. ‘रक्तात विळ्यासारख्या पेशी दिसल्या नाहीत, म्हणजे सिकल नाही,’ हे सपशेल चूक आहे. वाहक, म्हणजे एएस (एकच जनुक सदोष) असलेल्या माणसाची साधी स्लाइड बहुतेक वेळा निरोगी माणसासारखीच दिसते. रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळून कव्हरस्लिपखाली हवा बंद केली की पेशी वाकड्या होतात. पण त्या वाहकाच्याही होतात आणि एसएस (दोन्ही जनुकं सदोष) रुग्णाच्याही. सोल्युबिलिटी टेस्टमध्येही दोघांचं द्रावण गढूळच. कोण वाहक आणि कोण रुग्ण हे सांगायला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी लागते, आणि ते काम कुठल्याच मायक्रोस्कोपचं नाही. आईवडील दोघंही एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट, कुठेही सोयरीक जमवताना मोबाईलवरच्या चित्रावर भरवसा ठेवू नका. दोघांचेही कागदावरचे रिपोर्ट बघा.

आता ग्रुपवर फिरणारा जीवामृताचा (शेण-गोमूत्राच्या खताचा) व्हिडिओ. त्यात ठिपके थरथरताना दिसतात आणि मागून आवाज येतो, “भाऊ, जिवाणू कसे नाचून राहिले पाहा!” मी जीवामृताच्या विरोधात नाही, पण शेतकऱ्याला चुकीचा पुरावा दाखवू नये. शेणामातीचा अतिबारीक कण पाण्यात पडला की पाण्याच्या रेणूंचे धक्के बसून जागच्या जागी थरथरतो. ही हालचाल रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये परागकणांतून निघालेल्या बारीक कणांत पाहिली होती, आणि त्यात जीव असावाच लागत नाही. पोहणारा जिवाणू दिशा धरून जातो आणि मध्येच वळतो. तरी थरथरण्यावरून काही ठरवता येत नाही, कारण न पोहणारा जिवंत जिवाणूसुद्धा तसाच थरथरतो.

जिवंत जिवाणू जवळपास पारदर्शक असतो, त्यामुळे साध्या उजेडात तो पाण्यात हरवून जातो. रंग द्यावा तर स्लाइड पक्की करताना तो मरतो. ही अडचण सोडवली फ्रिट्स झेर्निके यांनी. पेशीतून जाताना प्रकाश जरासा मागे पडतो, आणि तो डोळ्याला न कळणारा फरक फेज कॉन्ट्रास्टमध्ये उजेड-अंधाराच्या रूपात दिसतो. १९५३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. जिवंत पेशी बघायची तर फेज कॉन्ट्रास्ट. लेप्टोस्पायरासारखा (लेप्टोस्पायरोसिसचा) ०.१ मायक्रॉन जाडीचा जंतू असेल तर डार्कफील्ड. त्यात प्रकाश बाजूनं टाकतात आणि अंधारात जंतू चमकत्या धाग्यासारखा दिसतो, जाडी मर्यादेच्या खाली असूनही. संख्या हवी असेल तर नमुना पातळ करत न्यायचा, प्लेटवर वाढवायचा आणि वसाहती मोजायच्या.

सोयाबीनवरच्या व्हायरसचं उत्तर छोटं आहे. पिवळ्या मोझॅकचा विषाणू ०.०२-०.०३ मायक्रॉनचा, तो यात दिसणं अशक्य. प्रकाशाची मर्यादा ओलांडणाऱ्या फ्लुरोसन्स पद्धतींना २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं हे खरं, पण ती संशोधन संस्थांमधली यंत्रं आहेत. शेतात दिसतो तो विषाणू पसरवणारी पांढरी माशी.

आणि इथे हेच स्वस्त यंत्र खरोखर कामाचं आहे. कीड बघायला स्टिरिओ मायक्रोस्कोप उत्तम : उजेड वरून पडतो, दोन्ही डोळ्यांना वेगळा कोन मिळून खोली कळते आणि पान न कापता खाली धरता येतं. तो नसेल तर हे यंत्र २० ते ४० एक्सवर ठेवा. कपाशीचं पान उलटं करून शिरांजवळ बघा. फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांनी मोजताना हमखास चुकतो. इथे मात्र त्याचे झालरीसारखे पंखही दिसतील. डोमकळी (पाकळ्या चिकटून न उमललेलं फूल) उकलून बघितली तर बोंडअळीची कोवळी अळी अजून पांढरीच असेल, गुलाबी रंग मागाहून चढतो. शेतात फिरून वेगवेगळ्या झाडांची पानं घ्या आणि सरासरी काढा. पानामागे १० फुलकिडे किंवा २ तुडतुडे भरले तरच फवारणीचा विचार करायचा, तोवर पंप बाहेर काढायची गरज नाही.