खूण नाही, सूज नाही, तरीही मण्यार

पावसाळा लागला की मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. साप चावला तर दोन दातांच्या खुणा दिसतातच, जागा सुजते, आग होते. यातलं काही नसेल तर घाबरू नका, कडुलिंबाचा पाला चावून बघा, कडू लागला तर विष नाही. घोणस, फुरसे यांच्यापुरतं सुजेचं म्हणणं बरंचसं खरं आहे. मण्यारीच्या बाबतीत मात्र त्यावर विसंबलं तर जीव जातो.

‘खुणा दिसतातच.’ मण्यारीचे विषदंत फार बारीक असतात. ती रात्री फिरते, पाली, उंदीर, दुसरे साप यांच्या मागावर घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. पुष्कळदा जागही येत नाही. आलीच तर मुंगी चावली समजून माणूस कूस बदलतो. सकाळी अंगभर शोधलं तरी काही सापडत नाही.

‘सूज नाही म्हणजे विष नाही.’ मण्यारीचं विष मज्जातंतू स्नायूला जिथं भिडतो तिथं, तंतूच्या टोकावर घाव घालतं. चावलेली जागा जशीच्या तशी राहते. काचेच्या नळीत 20 मिनिटं रक्त ठेवून ते गोठतं का हे पाहतात, ती चाचणीही ठीक येते.

‘पहाटे पोटात दुखतंय, पित्त असेल.’ या मजकुरातलं हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. रात्री धडधाकट झोपलेला माणूस पहाटे पोट धरून उठतो, उलटी होते, घसा दुखतो. घरचे ओवा देतात, गावातला डॉक्टर पित्ताचं इंजेक्शन देतो, आणि दोन-तीन तास निघून जातात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं. म्हणून दवाखान्यात शिरताच पोटदुखीबरोबर हेही सांगा: ‘रात्री जमिनीवर झोपला होता.’ कित्येकदा निदानाचा धागा एवढाच असतो. रुग्णाला मिनिटभर वर बघायला लावा, पापण्या खाली येतात का पाहा. उशीवरून मान उचलता येते का पाहा. आता हे जमलं म्हणून घरी न्यायचं नाही. लक्षणं कित्येक तास उशिराही उमटतात, त्यामुळे 24 तास देखरेख हवीच.

कडुलिंबाच्या पाल्याबद्दल एवढंच, की जिभेच्या चवीवरून विष कळत नाही. पाला आणायला जाणाऱ्याने 108 ला फोन करावा.

‘आता लस देऊन उपयोग नाही.’ सर्पविषावरची आपली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालते. रक्तात फिरणारं विष ती निकामी करते. तंतूंना झालेली इजा मात्र ती भरून काढत नाही, म्हणून ती लवकर मिळायला हवी. श्वास थांबू लागला तर व्हेंटिलेटरच हवा, आणि कधी तो बरेच दिवस लागतो.

‘डोळ्यांच्या बाहुल्या थिजल्या, संपलं.’ मण्यारीचं विष बाहुल्याही थिजवतं. उजेड टाकला तरी त्या हलत नाहीत, हातपाय लुळे, चिमटा काढला तरी हालचाल नाही. मेंदू मेल्यासारखं सगळं दिसतं. आत माणूस शुद्धीवर असू शकतो, खाटेशेजारचं बोलणं ऐकत असू शकतो. तंतूंना नवी टोकं फुटेपर्यंत यंत्राने श्वास चालू ठेवला, तर अशी माणसं पुन्हा डोळे उघडतात आणि आपल्या पायांनी घरी जातात.