प्रार्थनेला पहिला नंबर द्या, पुढचं मी सांगतो

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत, बाराला पाच कमी असताना, तुम्ही गुडघ्यांवर होतात आणि भरात येऊन ‘नव्या वर्षात रोज पहाटे तासभर प्रार्थना करीन’ असं प्रभूला सांगून बसलात. सांगितलंत ते सांगितलंत. आता निस्तरायचं कसं, ते मी सांगतो. माझा या कामातला अनुभव वीसेक वर्षांचा आहे.

पहाटे पाचचा गजर लावायचाच. लावल्याशिवाय तो बंद कसा करणार? येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, हे बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे असं घरात कोणी ऐकवलं, तर त्यांना गेथशेमाने बागेत घेऊन जा. तिथे येशूला अटक झाली त्या रात्री त्याचे शिष्य पेत्र, याकोब आणि योहान तिघेही झोपले होते. धनी शेजारी घाम गाळत असताना झोपले होते. तरी आज तिघांच्याही नावाने चर्च आहेत. आपण पांघरूण डोक्यावरून घ्यावं.

मग जागेचा प्रश्न. प्रार्थनेसाठी ‘खोलीत जा, दार लावून घे’ अशी येशूची आज्ञा आहे आणि तुमचा फ्लॅट वन बीएचके. आतून कडी लागणारी खोली एकच, तिच्यात गीझर, आणि बाहेर शाळेची बस गाठायची असलेला मुलगा दार बडवतोय. आज्ञा मोडली ती बिल्डरने, तुम्ही नाही. बायबलातल्या दानिएल संदेष्ट्याची गोष्ट वेगळी. त्याला यरुशलेमेकडे उघडणारी खिडकी होती; तुमच्या खिडकीसमोर शेजाऱ्यांची ओली चादर आहे. त्यातून तो रिकामटेकडा. राज्यात १२० प्रांताधिकारी, त्यांच्यावर तीन अध्यक्ष आणि त्या तिघांतला हा एक, एवढंच काय ते त्याच्याकडे काम. मग दिवसातून तीनदा गुडघे टेकायला होतंय काय!

वाचनाची आवड असेल तर जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर वाचा. १५३५ साली त्याने आपल्या न्हाव्यासाठी, पीटरसाठी, प्रार्थना कशी करावी यावर एक छोटंसं पुस्तक लिहिलं. ‘थोडं थांब, तासाभराने करू, आधी हे एवढं हातावेगळं करू’ असल्या विचारांना थारा देऊ नकोस, एका कामातून दुसरं निघतं आणि दिवस जातो, असं तो त्यात बजावतो. वाचून मला अतिशय बरं वाटलं. पाचशे वर्षं होत आली, सबबीत एका शब्दाचा फरक करावा लागलेला नाही. पुढे तो म्हणतो की न्हाव्याने वस्तऱ्यावर लक्ष ठेवावं, गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचं नाक जायचं; प्रार्थनेतही तसंच. हे मात्र मला पटलं नाही. मी ‘आजची आमची रोजची भाकर’ म्हणता म्हणता गॅस बुक केला आहे. कोणाच्याही नाकाला धक्का लागला नाही.

एक धोका सांभाळा. गप्पांत पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं नाव निघालं की पाणी प्यायला उठा. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली बायकामुली रोज प्रार्थनेला जमायच्या. आधी सत्तरेक, काही महिन्यांत साडेपाचशे. आणि हे चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंना वेळच वेळ असणार, कारण त्यांच्यामागे हजारावर निराधार बायकामुलींचं अन्नवस्त्र, शाळा आणि छापखाना एवढाच व्याप. शिवाय त्याच सुमारास मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर, तेही एकटीने. हा विषय टाळा. त्यानंतर ‘हापिसातून यायलाच आठ वाजतात हो’ हे वाक्य उच्चारायला घशात अडतं.

या सगळ्यावर रामबाण उपाय म्हणजे मंडळीचं काम. देवाचं काम करणाऱ्याला देवाशी बोलायला वेळ मिळत नाही, यावर कोण बोट ठेवणार? चर्च कमिटीत शिरा. सभेची सुरुवात प्रार्थनेने, शेवट प्रार्थनेने. मधले अडीच तास कबरस्तानाची भिंत आणि हॉलचं भाडं. सुरुवातीची प्रार्थना आपल्याकडे घ्यायला शिका, फार उपयोगी पडते. ‘हे दयाळू पित्या, तुला ठाऊकच आहे की भगिनी मंडळाच्या हिशेबात अठराशे रुपयांचा मेळ लागत नाही. प्रभो, ज्यांच्याकडे पावत्या आहेत त्यांची मनं तू मृदू कर.’ डोळे सगळ्यांचे मिटलेले, कोणी हरकत घेऊ शकत नाही, आणि ‘आमेन’ झाल्यावर तर सर्वानुमते ठराव मंजूर! एकदा खजिनदारबाईंनी समारोपाची प्रार्थना मागून घेतली आणि ‘आरोप करणाऱ्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही’ असं म्हणून परतफेड केली. पाळकसाहेब मध्ये बसून टेबलाकडे बघत होते.

उपवास-प्रार्थना ठेवायची असेल तर उपवास सुटल्यावर खिचडी की पुलाव हे आधी ठरवा. फलक, माइक, खुर्च्या यांत तुम्ही इतके धावाल की आतली प्रार्थना संपल्याचं तुम्हाला बाहेर भांड्यांच्या आवाजावरून कळेल.

घरची कौटुंबिक प्रार्थना रात्री नऊला ठेवावी. टीव्ही बंद करू नये, नुसता आवाज घालवावा. डोळे किलकिले ठेवले की धावफलक दिसतो.

आणि चर्चचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट करू नका. रात्री पावणेबाराला मेसेज येतो: ‘मुलाला आयसीयूत हलवलंय, कृपया प्रार्थना करा.’ तुम्ही जोडलेले हात पाठवा. तीन पाठवा, प्रसंग गंभीर आहे. तुमच्याखाली आणखी बेचाळीस जोड्या येतील. तोवर फोन चार्जिंगला लावून कूस बदलायची.

रविवारी उपासना सुटल्यावर तोच गृहस्थ दारात भेटतो. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. ‘सलाम’ म्हणतो आणि तुमचा हात सोडतच नाही. पोरगं आता वॉर्डात आलंय, पेज खातंय. ‘त्या रात्री मी जिन्यात बसून एकेक नाव वाचत होतो. तुमचं पहिलं होतं.’

अशा वेळी ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणावं आणि हळूच हात सोडवून घ्यावा. चहा आतल्या हॉलमध्ये असतो.